शेवटी आलं ते ताजं

३ मार्च, सोमवार

चक्र काढलं एकदाचं. घरोघरी जाऊन इंजेक्शनं देणाऱ्या, जखमा धुणाऱ्या नर्सबायांसाठी आम्ही जे ॲप केलंय, त्यात पेशंटच्या नावावर बोट ठेवलं की सर्व्हरकडून उत्तर येईपर्यंत एक चक्र गरगरत राहायचं. तोवर दुसरं काही करता येत नसे. बाया जाम वैतागल्या होत्या. ‘जिन्यात उभं राहून या चक्राला नमस्कार घालत बसू का?’ असा निरोप त्यांच्या मॅनेजरबाईंमार्फत आला होता.

आमच्या साहेबांना आम्ही पाठीमागे ‘कालच’ म्हणतो, कारण त्यांना सगळं कालच हवं असतं. ते म्हणाले, “आठवड्याभरात चक्र गेलं पाहिजे.” मी त्याच्या आधीच घालवलं. आता नावावर बोट ठेवलं की पान पटकन उघडतं, नाव, पत्ता, वय दिसतं, आणि औषधाचा डोस सर्व्हरकडून आला की आपसूक त्या पानात भरला जातो. वाट बघत कुणी अडून राहायचं नाही.

आमच्याकडे तपासणीला जो आहे त्याला सगळे शंकासुर म्हणतात. कामच त्याचं शंका काढायचं. तो म्हणाला, “दोन उत्तरं मागेपुढे आली तर?” मी म्हटलं, “शेवटी आलं ते ताजं. तेच दाखवायचं.” तो आणखी काही बोलणार होता, पण मला मीटिंगला जायचं होतं.

संध्याकाळी नवरा म्हणाला, “अगं, ते तुझ्या आईचं…” मी म्हटलं, “हो हो, बोलले तिच्याशी.” त्याला तेच विचारायचं होतं की नाही कोण जाणे. त्याने टीव्ही लावला.

६ मार्च, गुरुवार

नवं ॲप नर्सबायांच्या हातात गेलं. मॅनेजरबाईंचा फोन आला, बाया खूश आहेत म्हणे. एकीने तर माझ्यासाठी आशीर्वाद पाठवलाय. ‘कालच’ आज चक्क हसले. माझी मान इंचभर तरी वर झाली असेल. होऊ दे. आपली पाठ आपणच थोपटायची असते, दुसऱ्यांचे हात रिकामे नसतात.

११ मार्च, मंगळवार

हेल्पलाईन सांभाळणारी बाळंतपणाच्या रजेवर आहे, म्हणून तिचा फोन आमच्यात फिरतोय. आज माझी पाळी, आणि नेमकी दिवसभर मीटिंग. एका कानाला साहेब, एका कानाला फोन. एक पासवर्ड विसरली. एकीला अक्षरं मोठी हवी होती. एका बाईंनी तर ‘आधी एक दिसलं, मग दुसरं दिसलं’ असं घोळवायला घेतलं. मी म्हटलं, “मॅडम, शेवटी दिसतंय तेच ताजं. तेच धरा.” आणि ठेवला. प्रत्येकीचं पुराण ऐकत बसलं तर ॲप कधी करायचं?

१३ मार्च, गुरुवार

वाईट बातमी. रेफरी आजोबा पडले. खुब्याचं हाड मोडलंय.

या आजोबांना मी ओळखते. ॲप करायच्या आधी मी एका धाकट्या सिस्टरबरोबर फिरले होते, तेव्हा त्यांच्या घरी गेले होते. फुटबॉलच्या मॅचेसना शिट्टी फुंकण्यात जन्म गेलेला माणूस. ती शिट्टी अजून उशाशी असते. नर्सला यायला उशीर झाला की शिट्टी. मी बूट घालून आत गेले तर शिट्टी, वर खिशातून पिवळं कार्ड. मला इतकं हसू आलं होतं.

मंगळवारी सकाळी त्यांना दहाच्या ऐवजी सव्वीस युनिट इन्सुलिन दिलं गेलं. तासाभरात साखर इतकी उतरली की बाथरूमच्या दारात कोसळले. शेजारच्यांनी बघितलं म्हणून वाचले. धाकट्या सिस्टर रजेवर होत्या, त्यांच्या जागी मोठ्या सिस्टर गेल्या होत्या. या सगळ्यांत जुन्या, बाकीच्या बायांना शिकवणाऱ्या. सव्वीस हा अकराव्या मजल्यावरच्या एका बाईंचा डोस आहे. आजोबा त्याच इमारतीत आठव्यावर.

१४ मार्च, शुक्रवार

साहेबांनी विचारलं, “आपल्याकडून काही?” मी सर्व्हर तपासला. आजोबांच्या नावापुढे दहाच आहेत. दहाच होते. कुणी बदललेले नाहीत. “आपलं सगळं बरोबर आहे,” मी म्हटलं. छातीवरचा दगड उतरला. शंकासुर नुसता माझ्याकडे बघत होता. त्याची ती सवयच आहे.

१७ मार्च, सोमवार

मॅनेजरबाईंनी मोठ्या सिस्टरची फोनवरच चौकशी केली. साहेबांच्या टेबलावर फोन ठेवला होता, मी समोर बसून ऐकत होते. मला कुणी काही विचारलं नाही, मीही तोंड उघडलं नाही.

मोठ्या सिस्टर हळू आवाजात बोलत होत्या. म्हणाल्या, वेळ वाचावा म्हणून आम्ही लिफ्टमध्येच पेशंटचं पान उघडतो. आधी अकराव्या मजल्याचं उघडलं, मग वाटलं आजोबांची वेळ आधीची आहे, म्हणून त्यांचं उघडलं. “दोन्हीत गल्लत झाली असणार. माझीच नजर चुकली. चष्म्याचा नंबर वाढला असेल.” मॅनेजरबाई म्हणाल्या, “म्हणजे चूक तुमची, हे तुम्हाला मान्य आहे?” मग “हो” आलं.

आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला. पण या सगळ्याच बायांचे आवाज सारखे दमलेले असतात. निकाल लागेपर्यंत त्यांना घरी बसवलंय. साहेबांनी फोन ठेवून हात झटकले. “चला, सुटलो.”

१८ मार्च, मंगळवार

तो ‘लिफ्ट’ शब्द काही डोक्यातून जाईना. आमच्या ऑफिसात नेट धो धो आहे. लिफ्टमध्ये ते नसतं.

दुपारी कुणाला न सांगता त्या इमारतीत गेले. तपासणीसाठी असतात तसे दोन खोटे पेशंट फोनवर घेतले, एकाला आजोबांसारखे दहा युनिट, एकीला अकराव्यावरच्या बाईंसारखे सव्वीस. लिफ्ट सुरू झाली तशी आधी बाईंच्या नावावर बोट ठेवलं, मागे आले, आजोबांच्या नावावर ठेवलं. आठव्यावर दार उघडलं, नेट आलं. आजोबांच्या पानावर दहा आले. मी श्वास सोडला. आणि माझ्या डोळ्यांसमोर त्या दहाचे सव्वीस झाले.

बाईंचं उत्तर वाटेत रेंगाळलं होतं. ते मागाहून आलं आणि जे पान उघडं होतं त्यात जाऊन बसलं. पान आजोबांचं होतं. वेटरने उशिरा आलेली थाळी, कुणी मागवली होती हे न विचारता, जो समोर बसलाय त्याच्या पुढ्यात ठेवावी, तसं. तू कुणाचं उत्तर, एवढं विचारायला मी माझ्या ॲपला शिकवलंच नव्हतं. शेवटी आलं ते ताजं, एवढंच शिकवलं होतं.

पुन्हा खाली गेले, पुन्हा वर आले. पाच-सहा वेळा तरी. कधी व्हायचं, कधी नाही. लिफ्टमध्ये एक बाई म्हणाल्या, “काही हरवलंय का?” मी नाही म्हटलं.

१९ मार्च, बुधवार

दुरुस्ती दोन ओळींची निघाली. उत्तर आलं की विचारायचं, तू कुणाचं? उघड्या पानाचं नसशील तर चालू लाग. दोन ओळी. त्या चक्राबरोबरच लिहिल्या असत्या तर एक चहाही गार झाला नसता.

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. “दुरुस्त झालं ना?”

“झालं.”

“मग हात दाखवून अवलक्षण कशाला? उद्या बाकीचे ग्राहक पळतील. इथे बारा घरं चालतात, तुझं धरून. त्या बाईंनी तर कबूलच केलंय.”

“पण त्यांची चूक नाही सर.”

“त्यांनी दोनदा बघायला नको होतं? नव्या आवृत्तीत ‘किरकोळ सुधारणा’ लिही आणि सोडून दे.”

मी लिहिलं. ‘किरकोळ सुधारणा.’ माझ्याच हाताने. आणि मला हायसं वाटलं, हेही इथे लिहून ठेवते. या वहीत तरी नाटक नको.

२२ मार्च, शनिवार

झोप नाही, जेवण नाही. नवऱ्याने विचारलं, “काय होतंय तुला?” मी म्हटलं, “ॲसिडिटी.” त्याने गोळी आणून दिली. मी त्या पाकिटावरचा डोस किती वेळ वाचत बसले. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते पित्ताबद्दल नसावं.

मन एक एक पळवाट काढतं. सिस्टरनी खरंच दोनदा बघायला हवं होतं. डॉक्टरांना विचारायला हवं होतं. हेल्पलाईनचा नंबर दिलाय की ॲपमध्ये, तिथे फोन करायचा. कुणीतरी सांगितलं असतं.

२४ मार्च, सोमवार

हॉस्पिटलात आजोबांना बघून आले. एवढेसे झालेत. शिट्टी गळ्यात आहे, पण वॉर्डात फुंकायला बंदी. मला बघून म्हणाले, “बूटवाली.” ओळखलं.

मी म्हटलं, “लवकर बरे व्हाल आजोबा, बघा तुम्ही, महिन्याभरात…”

“मला बोलू दे की,” ते म्हणाले. “ती सिस्टर रोज येते. कुणी बोलावलेलं नाही, पगार नाही. माझे केस विंचरते आणि कोपऱ्यात बसून रडते. चाळीस वर्षं मी मैदानात होतो. दुसऱ्याच्या पायात पाय घातला की प्रत्येक जण दोन्ही हात वर करून म्हणायचा, मी नाही, मी नाही. मीच केलं म्हणणारा एक भेटला नाही. आणि आता भेटली तर ही. हिला कसलं कार्ड द्यायचं, सांग.”

मी आणलेली फळं टेबलावर ठेवली आणि उगाच पुन्हा सरळ केली. त्यांच्या मुलीने माझे आभार मानले. माझे.

२७ मार्च, गुरुवार

निकाल ठरला. सोमवारी मोठ्या सिस्टरना कायमचं काढणार, आणि नर्सच्या नोंदणीतूनही नाव कमी करावं म्हणून वर कळवणार. म्हणजे दुसरीकडेही काम मिळायला नको. हे मला साहेबांनी चहा पिता पिता सांगितलं, पावसापाण्याची गोष्ट सांगावी तसं.

जागेवर आले तर शंकासुर उभा. म्हणाला, “त्या दिवशी माझं वाक्य अर्धं राहिलं होतं. पूर्ण करू का?”

“दोन उत्तरं दोन वेगळ्या पेशंटची असली तर. हेच ना?”

“हेच.”

“मला माहीत आहे.”

“कधीपासून?”

मी सांगितलं. त्याने ओरडायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं. तो नुसता “बरं” म्हणाला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. दिवसभर त्याने माझ्याकडे वर मान करून पाहिलं नाही.

घरी येऊन नवऱ्यापुढे रडले. सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मग आता तू…” मी म्हटलं, “हो, नोकरी जाईल, माहीत आहे मला.” तो म्हणाला, “मी विचारत होतो, आता तू चहा घेणार का. तू ना, कुणाचं वाक्य पुरं होऊच देत नाहीस.” लग्नापासून मी याला माझी हुशारी समजत आले.

२८ मार्च, शुक्रवार

पत्र पाठवलं. मॅनेजरबाईंना, डॉक्टरांना, आजोबांच्या मुलीला, आणि साहेबांनाही. काय झालं, कसं झालं, लिफ्टमध्ये मी काय पाहिलं, आणि कळल्यावरही मी गप्प बसले, सगळं साध्या भाषेत. ‘किरकोळ सुधारणा’ हेही.

साहेब लाल झाले. “तू स्वतःची मान दे, आमच्या माना कशाला?” म्हणाले. त्यांचंही अगदीच खोटं नाही. बारा घरं आहेत. मला घरी जायला सांगितलंय. शंकासुर दारापर्यंत माझी बॅग घेऊन आला.

२९ मार्च, शनिवार

मॅनेजरबाईंकडून काही नाही. दर पाच मिनिटांनी फोन बघते. स्क्रीन तीच.

३० मार्च, रविवार

सकाळी मॅनेजरबाईंची एक ओळ आली: सोमवारचा निर्णय थांबवला आहे, तुम्हाला चौकशीला बोलावू. मी ती ओळ नवऱ्याला दोनदा वाचून दाखवली. मग विचार केला, ही बातमी सिस्टरना आपणच जाऊन सांगावी. खरं लिहायचं तर मला त्यांच्या तोंडून काहीतरी ऐकायचं होतं. शिव्या किंवा माफी, काहीही.

तिसऱ्या मजल्यावर छोटं घर. सुनेने दार उघडलं. आत नातवाला ताप होता आणि सून चमच्याने औषध मोजत होती. सिस्टर, जन्मभर लोकांना औषधं देणारी बाई, भिंतीला टेकून लांबून बघत होत्या. “मी हात लावत नाही आता,” म्हणाल्या. “सुनेलाही नको वाटतं, आणि मलाही.” टेबलावर चष्म्याची नवी डबी होती. “नंबर वाढलेला नाही म्हणतो डोळ्यांचा डॉक्टर. तरी नवा करून घेतला. तुम्ही कोण?”

मी कोण ते सांगितलं आणि सुटलेच. ॲप मी लिहिलं, चूक माझी, तुमचे डोळे ठणठणीत आहेत, निर्णय थांबलाय, तुम्हाला परत घेतील, मी पुन्हा लिहीन, तुम्ही काही काळजी करू नका. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मधे एकदा ओठ हलले, पण माझं चालूच होतं. “म्हणजे बघा सिस्टर, दोन उत्तरं आली तर कुठलं धरायचं, तर मी त्या ॲपला शिकवून ठेवलं होतं, शेवटी आलं ते ताजं, तेच…”

त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. “तुम्ही होतात,” म्हणाल्या.

मला कळेना.

“मघापासून विचार करतेय, आवाज कुठे ऐकला. हेल्पलाईनला मी फोन केला होता त्या सकाळी. ‘मॅडम, शेवटी दिसतंय तेच ताजं. तेच धरा.’ तुम्ही होतात.”

मीटिंग आठवली. एका कानाला साहेब, एका कानाला फोन. घोळवणाऱ्या बाई.

“तुम्ही चौकशीत का नाही सांगितलंत?” माझा आवाज मलाच ओळखू येईना.

“काय सांगू? शंका आली होती, आणि तरी दिलं, हे सांगू? ते तर जास्त वाईट. डोळे गेले म्हटलं की लोक दया तरी करतात. म्हणून डोळ्यांवर घेतलं. रोज इतकं म्हटलं, की मलाही खरं वाटायला लागलं.” सून औषधाचा चमचा धरून दारात उभी होती, तिनेही सगळं ऐकलं.

मी म्हटलं, “तुम्ही त्या दिवशी पुढे काय म्हणणार होतात?”

“आता?”

“हो. आता सांगा.”

त्यांनी सांगितलं, आणि या खेपेला मी मधे बोलले नाही. म्हणाल्या, आधी दहा दिसले, मग सव्वीस. आजोबा हडकुळे, सकाळी टोस्टसुद्धा अर्धाच खाल्लेला. सव्वीस या अंगाला झेपतील असं वाटत नव्हतं. पण डॉक्टर डोस बदलत असतात, आणि मी तर बदलीवर आलेली, मला काय ठाऊक. डॉक्टरांचा फोन लागेना. आजोबा शिट्टी फुंकून म्हणत होते, उशीर झाला, उशीर झाला. “मला एवढंच विचारायचं होतं, की यांना आत्ता देऊ की थांबू. तुम्ही नुसतं थांबा म्हणाला असतात ना, तर मी बसून राहिले असते दुपारपर्यंत. सुई भरलेली होती माझ्या हातात.”

नातू कुरकुरत होता. सुनेने पुढे होऊन चमचा आणि बाटली सासूच्या हातात दिली. सिस्टरनी बाटली उजेडात धरली, वाचली, परत वाचली, आणि चमचा भरला. हात अगदी स्थिर होता. पोराने औषध पिऊन तोंड वाकडं केलं.

मी उठले. दारात म्हटलं, “सिस्टर, मला माफ कराल का, मला माहीत आहे की तुम्ही…”

त्यांनी हात वर केला. “आता प्रश्न विचारलात ना? मग थांबा. त्याचं उत्तर आज नाहीये माझ्याकडे.”

“कधी…”

“ते मला माहीत नाही. येईल तेव्हा येईल. कदाचित येणारही नाही.”

उद्या दुसरं पत्र पाठवायचंय. त्या फोनचं पहिल्या पत्रात नव्हतं, त्या एका वाक्यासकट ते लिहायचंय. आत्ता नवरा समोर बसलाय आणि आईबद्दल काहीतरी सांगतोय, सुरुवातीपासून. मी पेन खाली ठेवते.